डिशसाठी दोन फूट गच्ची

नवी मुंबईत आमच्या बोनकोड्यात गटाराचं काम निघालं आणि पहिल्याच दिवशी केबलची वायर तुटली. केबलवाला म्हणाला, ‘दोन दिवसांत जोडून देतो.’ माणूस शब्दाचा पक्का निघाला. दोन महिने झाले तरी तो दोन दिवसच सांगत होता.

मी ज्या इमारतीत भाड्याने राहते ती चार मजली आहे, आणि कमळाकर व पोपट या दोन भावांच्या मालकीची आहे. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी इथे पहिल्या मजल्यावर आले. केबल गेल्याचं वरच्या मजल्यांवर कोणाला फारसं जाणवलं नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या हातात आपापला फोन होता आणि जेवताना एकमेकांकडे न बघण्याची सोय त्यात होतीच. टीव्ही खऱ्या अर्थाने बंद पडला तो एकीचाच. गोजराबाईंचा.

गोजराबाई कमळाकर-पोपटची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतल्या, बाजारात सुकी मासळी विकून स्वतःचं पोट स्वतः भरलं, आणि गुडघे दुखायला लागल्यावर टोपली खाली ठेवली. इमारतीच्या मागे जुन्या घराची एक खोली अजून उभी आहे, तिथे त्या राहतात. खोलीपुढे ओटा, आणि ओट्यापुढे गावदेवीच्या देवळाचं मोकळं पटांगण. इमारत बांधायच्या वेळी भावांनी बहिणीकडून हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला होता. बहिणीचं माहेर तुटू नये म्हणून तसं करतात, असं तेव्हा सांगण्यात आलं. खोली तिचीच राहील, हेही सांगण्यात आलं; पण ते तोंडी. जे घ्यायचं ते कागदावर आणि जे द्यायचं ते तोंडावर, ही व्यवहाराची रीत दोघांनाही कोणी न शिकवता येत होती.

यंदा पावसाळा सरताना बिल्डरचा माणूस दोनदा येऊन इमारतीभोवती फिरून गेला. जुनी पाडून नवी उभी करायची बोलणी सुरू झाली होती. एका दुपारी गोजराबाई जिना चढून माझ्याकडे आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधीच वर येत नसत.

“बाई, मना द्रोणागिरीला टाकतात काय वो?”

“कोण म्हणालं?”

“पोपट फोनवर बोलत व्हता. खोली काय, एका दिवसात पडल, बोलला. बायला लांब उरणकडं, द्रोणागिरीला भाड्याची रूम बघू, बोलला.”

“तुम्ही त्यांना सरळ विचारलंत का?”

“इचारला ना. बोलले, बाय, टेन्शन घेऊ नको. तवापासना टेन्शन आला.”

मी म्हटलं, खोली तुमची आहे असं दोघांकडून लिहून घ्या. त्यांनी कानाला हात लावला. “भावाकडं कागद मागू? गावात तोंड दाखवाया जागा नाय राहनार.” भावांनी बहिणीकडे कागद मागितला तेव्हा गावात सगळ्यांची तोंडं जागच्या जागी होती, हे मी बोलले नाही. साठी उलटलेल्या विद्यार्थ्याला एका वेळी एकच धडा द्यावा.

खोलीचं काही मागणार नाही म्हणाल्या, पण संध्याकाळ कशी काढायची? तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशाने एक डिश आणली. महिन्याचं भाडं नाही, फुकट चॅनेल दिसतात, ती. सोबत बॉक्स, वायरचं वेटोळं आणि चार नटबोल्ट. दुकानदाराचा फिटर म्हणाला, गच्चीवर लावावी लागेल, मालकांची परवानगी घ्या. गोजराबाईंनी भावांना निरोप धाडला: गच्चीवर दोन फूट जागा द्या.

आणि नियोजनाला सुरुवात झाली.

पहिली बैठक कमळाकरच्या हॉलमध्ये भरली. पोपटची मुलगी मैत्री माझ्याकडे सहावीचं विज्ञान शिकायला येते. तिने मला बोलावलं, कारण ‘बाईंना उपग्रहातलं कळतं’. मी गेले. उपग्रहाविषयी मला पहिला तासभर कोणी काही विचारलं नाही.

मधे सांगायला हवं की गच्चीवर एक पिवळी रेघ आहे. उजवीकडची गच्ची कमळाकरची, डावीकडची पोपटची. रेघ ऑइलपेंटची आहे आणि दर दिवाळीला घराला रंग लागो न लागो, तिला लागतो.

“दोन फूट म्हंजे कोनाच्या बाजूचे?” पोपटने मुद्द्याला हात घातला.

“तुज्या बाजूला ऊन जास्त असतंय,” कमळाकर उदारपणे म्हणाला.

“डिशला ऊन कशाला पायजे, दादा? ती काय वाळवनाचा बोंबील हाय?”

“बरं, मग रेघेवर ठेवू. एक फूट तुजा, एक फूट माजा.”

“आन रेघ झाकली तर? उद्या रेघ कुठं व्हती त्याचा वांदा.”

यावर दोघेही काही वेळ गंभीर झाले. मग पोपटने खरी भीती सांगितली. “दादा, डिशचा प्रश्न नाय. नटबोल्टाचा प्रश्न हाय. आज बोल्ट मारला, उद्या बोलल माजा कबजा. पलीकडच्या आळीत एकानं गच्चीवर कोंबड्यांचा खुराडा ठेवला. कोंबड्या गेल्या, खुराडा राहिला. आज त्या खुराड्यात एसी हाय.”

“बाय तशी नाय रे,” कमळाकर म्हणाला. पण खुराड्यातला एसी त्याच्याही डोळ्यांपुढे फिरायला लागला होता.

मग बोल्ट न मारता डिश उभी करण्याच्या योजना निघाल्या. योजना क्रमांक एक: डिश सिमेंट भरलेल्या बादलीत रोवायची, सकाळी गच्चीवर न्यायची, संध्याकाळी खाली आणायची; म्हणजे कबजा रोजच्या रोज मोडेल. बादली कोण नेणार? “बाय नेल ना, तिचीच हाय.” गुडघे धरून जिना चढणारी बाई सिमेंटची बादली घेऊन चार मजले चढेल, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या वेळेला नेमकी डिश खाली आणेल. टीव्ही पाहायचा आहे ही गोष्ट या योजनेत कुठेच बसत नव्हती, पण कबजा मात्र चोख मोडत होता.

योजना क्रमांक दोन: डिश कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायची.

“बाई, चालंल का?” आता मला विचारलं गेलं.

मी म्हटलं, “चालेल. वारा आला की डिश फिरेल. कधी उपग्रह दिसेल, कधी खारघरचे टॉवर.”

“मग नाय चालनार,” कमळाकर विचार करून म्हणाला. तो समजूतदार माणूस आहे.

बैठक निष्कर्षाशिवाय संपली आणि पुढच्या रविवारी पुन्हा भरली. तिसऱ्या रविवारी पोपटने वाशीच्या एका नोटरीला फोन लावला. नोटरीने सांगितलं, सोपं आहे. दोन फूट जागा वापरली तरी गच्चीवर हक्क सांगणार नाही असं बहिणीकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. पोपटचा चेहरा उजळला. डिश लावायला परवानगी मिळण्याआधी डिशवर कागद होणार होता. आपल्याकडे काम किती मनावर घेतात, याचा मला अभिमान वाटला.

या सगळ्यात डिश नेमकी कुठे बघणार, हा प्रश्न कोणी काढला नव्हता. तो मैत्रीने काढला.

“बाई, उपग्रह कुठे असतो? दिसतो का?”

“दिसत नाही. पण तो जागचा हलत नाही, हे त्याचं मोठं चांगलं आहे. पृथ्वीबरोबर तोही फिरतो, म्हणून आपल्याला कायम एकाच ठिकाणी असल्यासारखा असतो. इथून बघितलं तर आग्नेयेला, आणि चांगलाच वर.” तिच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी अठ्ठावन्न अंश दाखवले. “या रेषेत मधे भिंत, पत्रा, झाड काही आलं की संपलं. चित्र नाही.”

“मग जागा कशी शोधायची? आकाशात तर काहीच नाहीये.”

इथे मला खरा आनंद झाला. मुलांनी योग्य प्रश्न विचारला की तीस वर्षं सार्थकी लागल्यासारखी वाटतात, मग तो प्रश्न निवृत्तीनंतर का विचारलेला असेना.

“सूर्याला विचारायचं,” मी म्हटलं. “वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. आपल्याकडे ऑक्टोबरात ती वेळ येते सकाळी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना. त्या क्षणी जिथे ऊन पडलं असेल, तिथून उपग्रह दिसतो. जिथे सावली, तिथून नाही. बस्स. ना फिटर लागत, ना नोटरी.”

गांधी जयंतीची सुट्टी होती. साडेदहालाच मैत्री खडू घेऊन गच्चीवर पोचली. कमळाकर आणि पोपट हेही आले. त्यांचं लक्ष सूर्यापेक्षा रेघेकडे जास्त होतं. गच्चीच्या मागच्या अर्ध्या भागावर दोघांनी मिळून पत्र्याची शेड घातली आहे. रेघेनंतर त्यांनी एकत्र केलेली ती एकमेव गोष्ट. पुढच्या अर्ध्या भागाला खेटून शेजारी सात मजली इमारत उभी राहिली आहे, इतकी जवळ की त्यांच्या खिडकीतून येणाऱ्या वासावरून फोडणी कशाची आहे ते ओळखता येतं. ती नेमकी आग्नेयेला आहे.

अकराला दहा कमी असताना मैत्रीने घड्याळ बघायला सुरुवात केली. वेळ झाली तशी तिने खडू टेकवला आणि सावलीची कड आखत निघाली. आखता आखता ती पत्र्यापर्यंत पोचली आणि थांबली.

“बाई, ऊन नाहीच.”

खरंच नव्हतं. शेजारच्या भिंतीची सावली जिथे संपत होती तिथे आपल्या पत्र्याची सुरू होत होती. मधे कोरभरही जागा उरली नव्हती. तीन रविवार ज्या दोन फुटांसाठी दोन भाऊ भांडले, ते दोन फूट गच्चीवर नव्हतेच.

“पत्र्यावर ठेवली तर?” मैत्रीने विचारलं.

“पत्रा समाईक हाय!” दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. मघापासून त्यांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

मैत्री कठड्याशी गेली आणि मागच्या बाजूने खाली वाकून पाहिलं. “बाई! आत्याच्या ओट्यावर ऊन आहे! पूर्ण!”

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. देवळाचं पटांगण मोकळं असल्यामुळे त्या बाजूला आकाश अडवणारं काहीच नव्हतं. ओटा लख्ख उजळला होता आणि गोजराबाई त्याच्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मैत्री जिन्यावरून धावत खाली गेली आणि ओट्यावर खडूने गोल काढून आली.

दोघा भावांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. गच्ची वाचली होती. कमळाकरने मैत्रीच्या पाठीवर थाप मारली. पोपट मात्र पुढचा विचार करणारा माणूस.

“दादा, आज ओट्यावर. उद्या बोलली, ओट्यावर नीट दिसत नाय, गच्चीवर न्या. मग?”

“मग काय?”

“मग कागद! आता तर पक्का कागद पायजे. डिश कायमची ओट्यावरच. गच्चीवर कधीच नाय.”

दोन दिवसांनी पोपट टाइप केलेला स्टॅम्पपेपर घेऊन आला. ओट्यावरच बैठक बसली. गोजराबाई उंबऱ्यात, भाऊ खुर्च्यांवर, मैत्री पायरीवर, आणि साक्षीदार म्हणून मी. गोजराबाईंना वाचता येत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वर्गात वाचते तसं सावकाश, मोठ्याने वाचलं.

मजकूर पोपटने स्वतः सांगून लिहून घेतला होता आणि एकही फट राहू दिली नव्हती. गोजराबाई गच्चीवर कोणताही हक्क सांगणार नाहीत. जिन्यावर सांगणार नाहीत. टाकीवर सांगणार नाहीत. त्यांची डिश कायमस्वरूपी त्यांच्या ओट्यावरच राहील. पुढे: ‘सदर इमारतीच्या मागील खोली व तिच्यापुढील ओटा हे गोजराबाई यांच्या मालकी वहिवाटीचे असून त्यांचा हक्क तेवढ्यापुरताच मर्यादित राहील, व ही बाब आम्हां दोघां भावांस व आमच्या वारसांस कायम मान्य व बंधनकारक राहील.’

मी वाचून थांबले. चष्मा पुसला. पोपटकडे पाहिलं. तो ‘तेवढ्यापुरताच’ या शब्दावर खूश होऊन मान डोलावत होता.

गोजराबाईंनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. “बाई, परत वाचा.”

मी परत वाचलं.

“ती खोलीची वल तेवढी परत.”

मी ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. विद्यार्थ्याला आपण होऊन कळत असलं तर मधे तोंड घालू नये, हा माझा जुना नियम आहे. गोजराबाई मासळीच्या बाजारात उगाच म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या.

“असा लिवलास, पोपट?” त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. “म्हंजे गच्चीवर माजा कायच नाय?”

“कायच नाय, बाय. फकस्त ही खोली आन ओटा. त्याच्या बाहेर एक इंच नाय.”

“कमळाकर, तुजा बी असाच म्हनना हाय?”

कमळाकरला जरा वाईट वाटलं. पण खुराड्यातला एसी अजून चालू होता. “बाय, लिवलेला बरा असतंय. उद्या पोरांची भांडना नकोत.”

“बरा,” गोजराबाईंनी उसासा टाकला. “तुमी दोघं बोलता तर मी नाय कशी बोलू? पन पयले तुमी सया करा. तुमी मोठी मानसा. माजा अंगठा शेवटाला.”

“कोणाला काही शंका?” मी विचारलं. वर्गात विचारायची सवय आहे.

शंका नव्हती. पोपटने झोकात सही केली, कमळाकरने पूर्ण नाव लिहिलं, मी साक्षीदार म्हणून केली. गोजराबाईंनी अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली आणि म्हणाल्या, “पोपट, याचा एक झेराक्स मना दे. नाय, असा कर. मूळ मना दे, झेराक्स तू ठेव. तुज्याकडं कागदांचा ढीग असतंय, हरवल.”

पोपटला तेही पटलं. त्या दिवशी त्याला सगळंच पटत होतं.

फिटर आला, मैत्रीने काढलेल्या गोलात त्याने भोकं पाडली, बोल्ट आवळले आणि दहा मिनिटांत चित्र लागलं. चार बोल्ट ओट्यात घट्ट बसले. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

दिवाळी झाल्यावर बिल्डरचा माणूस टेप आणि वही घेऊन आला. इमारतीचे चारही मजले मोजून झाल्यावर तो मागे आला. पोपट त्याच्याबरोबर होता. मी गोजराबाईंकडे चहाला बसले होते.

“ही खोली?” माणसाने विचारलं.

“ती काय नाय, आमचीच हाय. बहीन राहते. तात्पुरती. तिला आमी द्रोणागिरीला...”

गोजराबाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतला कागद त्या माणसाच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्या वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला, सह्या पाहिल्या आणि पोपटकडे पाहिलं.

“साहेब, या सह्या तुमच्याच ना?”

“हां, पन तो डिशचा कागद हाय.”

“डिशचा आहेच. पण खोली आणि ओटा यांच्या मालकीचे आहेत, असं तुम्हीच लिहून दिलंय. आमच्या वकिलांना दाखवावं लागेल, पण असा कागद असताना यांना सोडून करार करायला ते तयार होणार नाहीत. यांना नव्या इमारतीत जागा द्यावी लागेल.” त्याने वही उघडली. “मावशी, पूर्ण नाव सांगा.”

गोजराबाईंनी नाव सांगितलं. त्याने ते दोन भावांच्या नावांखाली, तिसऱ्या ओळीत लिहिलं, टेप पसरून खोली मोजली, मग ओटाही मोजला.

पोपटने वहीत डोकावून ती तिसरी ओळ पाहिली. गच्ची, जिना आणि टाकी, तिन्ही त्याच्याकडे शाबूत होती आणि तिन्ही पाडायची होती. शेवटी तो माझ्याकडे वळला. “बाई, तुमी तर शिकलेल्या. तुमी वाचलात तो कागद. तुमाला दिसला नाय काय?”

“दिसला की. तीनदा वाचला. मोठ्याने.”

“मग बोललात का नाय?”

“पोपटशेठ, उत्तर बरोबर लिहिलेलं असलं की मी खोडत नाही.”

बिल्डरचा माणूस मोजमाप आटोपून निघून गेला तरी पोपट पटांगणात तसाच उभा होता. गोजराबाई आतून बशी घेऊन आल्या, चहा ओतला, आणि शेजारची जागा पदराने झटकली.

“उभा कशाला, पोपट?” त्या म्हणाल्या. “बस. माज्याच ओट्यावर बसतोस ना, लाजतोस कशाला?”

तो बसला.